ख्रिस्तप्रतिमा

ख्रिस्तप्रतिमा : येशू ख्रिस्ताची चित्रे व शिल्पे आणि त्यांतून घडलेला धर्मविचार. येशूचा चेहरा, वर्ण वा उंची यांविषयी चारही शुभवर्तमाने मौन पाळतात. लेंट्युलस या रोमन अधिकाऱ्याच्या नावावरचे प्रसिद्ध वर्णन उत्तरकालीन व बनावट आहे. म्हणून रूप ठरवण्याचे काम कलावंतांवर आले आणि त्यांनी ठरवलेले रूप पुढे शिकवणीचा भाग बनले.

सिरियातील ड्यूरा-यूरोपस येथील चित्रे (सु. 235) सर्वांत जुन्यांपैकी होत. ती बाप्तिस्म्याच्या खोलीत होती : कुंडावर उत्तम मेंढपाळाच्या रूपातील येशू, भिंतीवर पक्षाघाती माणसाला बरे करणारा आणि पाण्यावरून चालणारा येशू. कुंडात उतरणाऱ्याला संस्काराचा अर्थ समोरच दिसे.

रोमच्या भुयारी दफनस्थळांतील येशू बहुधा तरुण व बिनदाढीचा आहे. दाढी व लांब केस चौथ्या शतकाच्या उत्तरार्धापासून रूढ होऊ लागले. या बदलाचा उगम वादग्रस्त आहे. काहींच्या मते ही सम्राटप्रतिमेची छाया. परंतु कॉन्स्टंटाइन व त्याचे बहुतेक वारस बिनदाढीचेच दाखवलेले आहेत. ज्यूपिटरसारख्या देवांची आणि तत्त्वज्ञ गुरूची प्रतिमा एकत्र आली असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. राव्हेन्नातील सांत आपोल्लिनारे नुओव्हो या चर्चच्या कुट्टिमचित्रांत (मोझेइक; सहावे शतक) चमत्कारप्रसंगी बिनदाढीचा, तर दुःखभोगाच्या प्रसंगी दाढीवाला येशू आहे. हा भेद ख्रिस्ताला पित्याच्या बरोबरीचा न मानणाऱ्या आरियन पंथमताशी जोडला जातो; तथापि दोन मालिकांचे कारागीर वेगळे असण्याचीही शक्यता आहे.

कॉन्स्टँटिनोपलच्या 692 मधील परिषदेने (नियम 82) ख्रिस्त कोकराच्या प्रतीकाऐवजी मानवी रूपात दाखवावा असे ठरवले, कारण देहधारणाचे (ईश्वर मनुष्य झाल्याचे) स्मरण त्यातूनच होते. ख्रिस्तात दैवी व मानवी हे दोन स्वभाव एकत्र आहेत, या शिकवणीच्या आधारे हायरीआच्या प्रतिमाविरोधी परिषदेने (754) पेच टाकला : चित्रकार केवळ मानवी स्वभाव रंगवत असेल तर तो ख्रिस्ताचे दोन तुकडे करतो, दैवी स्वभावही रंगवल्याचे म्हणत असेल तर दोहोंची सरमिसळ करतो. पेच मोठा नेमका होता. निकीयाच्या दुसऱ्या परिषदेने (787) प्रतिमेला वंदन, पण आराधना केवळ ईश्वराची असा भेद केला. मूळ तर्काचा गाभा मात्र पुढे थिओडोर स्टुडाइट या बायझंटाइन मठवासीने सोडवला : प्रतिमा स्वभावाची नसून व्यक्तीची असते. निकीयाच्या निर्णयातील वंदन व आराधना यांचे ग्रीक शब्द लॅटिन भाषांतरात नीट वेगळे राहिले नाहीत आणि फ्रँक धर्मपंडितांनी निकीयाचा निर्णय चुकीच्या अर्थाने वाचून खोडून काढला.

पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेत आयकॉन (पवित्र पूजाचित्र) ‘वाचला’ जातो. प्रभामंडलात क्रूस, त्यावर ‘जो आहे तो’ या अर्थाची ग्रीक अक्षरे, डाव्या हातात शुभवर्तमान, आशीर्वादाचा उजवा हात. नावाची संक्षेपाक्षरे लिहिल्याखेरीज आयकॉन पूर्ण होत नाही. सिनाई येथील सेंट कॅथरिन मठातील आयकॉनमध्ये (बहुधा सहावे शतक) चेहऱ्याच्या दोन बाजू भिन्न आहेत. त्यात ख्रिस्ताचे दोन स्वभाव पाहण्याचा अर्थ लोकप्रिय असला, तरी चित्रकाराचा तोच हेतू होता असे सिद्ध करता येत नाही.

पश्चिमेत जुना क्रूसस्थ ख्रिस्त उघड्या डोळ्यांचा, ताठ, मृत्यूवर विजय मिळवलेला असे. कोलोनच्या गेरो क्रूसावर (सु. 970) डोळे मिटलेले असून देह लोंबलेला आहे. तेराव्या शतकापासून चारऐवजी तीन खिळे रूढ झाले : पाय एकावर एक आल्याने गुडघे वाकतात, देह पिळवटतो आणि भक्ताचे ध्यान वेदनेवर खिळते. यात पुनरुत्थान मागे पडण्याचा धोका असतो; मात्र जर्मन चित्रकार ग्रूनेवाल्टच्या इझेनहाइम वेदीचित्रात (सु. 1512–16) दारांसारखी पटले उघडताच तेजस्वी पुनरुत्थित ख्रिस्त समोर येतो.

ट्रेंटच्या कॅथलिक परिषदेने (1563) प्रतिमा राखल्या, त्सुरिकच्या प्रॉटेस्टंट सुधारकांनी त्या आधीच हटवल्या होत्या. विसाव्या शतकात अमेरिकन चित्रकार वॉर्नर सॉलमनचे 1940 चे गोऱ्या ख्रिस्ताचे चित्र मोठ्या प्रमाणावर छापले गेले. गोरा ख्रिस्त पाहण्याच्या सवयीमुळे येशूचे ज्यू असणे नजरेआड होते, हा त्यावरील सर्वांत रास्त आक्षेप होय.