निसर्ग चक्रीवादळ : माग आणि पूर्वतयारी

पूर्वमध्य अरबी समुद्रात तयार होऊन ३ जून २०२० रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेस रायगड किनाऱ्यावर आदळलेले तीव्र चक्रीवादळ. किनारा ओलांडताना वाऱ्याचा वेग ताशी ११०–१२० किमी. होता. ‘निसर्ग’ हे नाव बांगलादेशाने सुचवलेले. उत्तर हिंदी महासागरातील वादळांसाठी १३ देशांनी मिळून दिलेल्या १६९ नावांची नवी यादी एप्रिल २०२० मध्ये जाहीर झाली होती. तिच्यातले हे पहिलेच नाव. ‘शंभर वर्षांत असे वादळ आले नव्हते’ असे तेव्हा सर्रास छापून आले. निदान मच्छीमारांच्या बाबतीत ते खरे नाही. ११ नोव्हेंबर २००९ चे ‘फयान’ जोराने निसर्गपेक्षा बरेच सौम्य होते, पण ऐन मासेमारीच्या मोसमात आल्याने त्याने रत्नागिरीच्या कित्येक नौका खोल समुद्रातच गाठल्या.

३१ मे रोजी दिसलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राचे दोन दिवसांत चक्रीवादळ झाले. ते आधी सरळ उत्तरेकडे सरकत होते आणि २ जूनला ईशान्येकडे वळले. कोकणाच्या दृष्टीने सगळा प्रश्न या वळणाचा होता. वळण थोडे उशिरा झाले असते तर मुंबई, थोडे आधी झाले असते तर रत्नागिरी.

भारतात वादळाचा माग मुख्यतः इन्सॅट उपग्रहांच्या छायाचित्रांवरून काढतात. ढगांची गुंडाळी किती घट्ट आहे, डोळा (वादळाचा शांत मध्यभाग) उमटला आहे का, यावरून वाऱ्याचा वेग ठरवण्याची रीत अमेरिकी हवामानशास्त्रज्ञ व्हर्नन ड्वोरॅक यांनी १९७० च्या दशकात बसवली. आजही तीच वापरली जाते. अटलांटिकमध्ये चक्रीवादळाच्या पोटात विमान घालून मोजमाप घेतात. तशी सोय आपल्याकडे नाही. वादळ किनाऱ्याच्या टप्प्यात आले की डॉप्लर रडार (वाऱ्याचा वेगही टिपणारे रडार) उपयोगी पडते. निसर्गवर गोवा आणि मुंबई येथील रडारांनी नजर ठेवली होती. हवामान विभागाचा २४ तास आधीचा मार्गाचा अंदाज हल्ली सरासरीने शंभर किलोमीटरच्या आत चुकतो. मुरूड ते मुंबई हे अंतर त्याहून कमी आहे, म्हणून सावध करायचे तर अख्ख्या पट्ट्यालाच करावे लागते.

इशारे चार टप्प्यांत निघतात : साधारण ७२ तास आधी पूर्वसूचना, ४८ तास आधी पिवळा, २४ तास आधी नारिंगी आणि १२ तास आधी लाल. बंदरांची भाषा याहून जुनी. तिथे १ ते ११ क्रमांकांचे बावटे चढतात. ‘तीन नंबरचा बावटा लागला’ म्हणजे बंदरात सोसाट्याच्या वाऱ्याचा धोका, हे कोळीवाड्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. ८ ते १० हे महाधोक्याचे. अकराव्या क्रमांकाचा अर्थ निराळाच आहे : हवामान केंद्राशी संपर्कच तुटला.

पूर्वतयारी करोनाच्या टाळेबंदीत करावी लागली. किनाऱ्यालगतच्या आणि कच्च्या घरांतल्या हजारो लोकांना शाळा, समाजमंदिरे अशा ठिकाणी हलवले. तिथे अंतर राखण्याचा नवाच पेच होता. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पथके आधीच किनाऱ्यावर पोचली होती. ओडिशाशी तुलना केली की उणीव कळते. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे १०,००० माणसे गेली. त्यानंतर राज्याने खास चक्रीवादळ निवारे बांधले, गावोगावी स्वयंसेवक तयार केले. २०१९ च्या ‘फणी’च्या वेळी तिथे दहा लाखांहून अधिक लोक हलवले गेले आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. रायगड-रत्नागिरीत निवाऱ्याचे काम मुख्यतः शाळांवर पडले, आणि वादळात अनेक शाळांचीच छपरे उडाली.

तरीही माणसे वाचवण्यात ही तयारी बऱ्याच अंशी यशस्वी ठरली. वाचवता आली नाही ती वाडी, म्हणजे बागायत. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, दापोली, मंडणगड या भागांत नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. श्रीवर्धनची रोठा सुपारी प्रसिद्ध. नव्याने लावलेल्या पोफळीला सुपारी धरायला पाच-सात वर्षे लागतात. विजेचे खांब मोडले, मोबाइलचे मनोरे बंद पडले. बंदरावरच्या अकराव्या बावट्याचा अर्थ गावांनी असा अनुभवला : वादळ गेल्यावर कितीतरी दिवस मुंबई-पुण्यातल्या नातेवाइकांना घरच्यांची खुशालीही कळेना. अंतर्गत गावांत वीज यायला काही आठवडे लागले.

फळबागांची मदत राज्य सरकारने हेक्टरी १८,००० वरून ५०,००० रुपयांवर नेली. पण कोकणात वाडी गुंठ्यांत मोजतात. एका हेक्टरचे साधारण शंभर गुंठे. म्हणजे दहा गुंठ्यांच्या वाडीला सुमारे पाच हजार. त्यात पडलेली झाडे तोडून वाडी साफ करण्याची मजुरीही निघेना. म्हणून झाडागणिक भरपाईची मागणी झाली.