कच्चा कैदी

कच्चा कैदी : खटल्याचा निकाल लागायचा असताना तुरुंगात ठेवलेली व्यक्ती. कागदोपत्री ‘न्यायाधीन बंदी’. शिक्षा झालेला तो पक्का कैदी. कायद्याच्या लेखी कच्चा कैदी निर्दोषच असतो, आणि तरीही भारतातले तुरुंग मुख्यतः अशाच माणसांनी भरलेले आहेत. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ अखेर देशातील ५,७३,२२० बंद्यांपैकी ४,३४,३०२ न्यायाधीन होते. दर चारांत तीन.

यांतले अनेक जण जामीन मंजूर होऊनही आतच राहतात. जामीनदार हवा, त्याच्याकडे सातबारा, पगारपत्रक किंवा ऐपतीचा दाखला हवा. परगावाहून मजुरीला आलेल्या माणसाने तो आणायचा कुठून? १९७८ च्या मोतीराम खटल्यात एका गवंड्याकडे दहा हजारांचा जामीन मागितला गेला होता आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून तो जामीनदार नाकारला होता. सर्वोच्च न्यायालयाचे न्या. कृष्ण अय्यर यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली. जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या लेखी हमीवर, सोडण्याची मुभा कायद्यात आहे, पण खालच्या न्यायालयांचा हात अजूनही आखडता असतो.

हुसैनारा खातून खटल्यात (१९७९) बिहारमधली अशी माणसे समोर आली, की ज्यांचा तुरुंगवास आरोपित गुन्ह्याच्या कमाल शिक्षेहूनही लांबला होता. खटला लवकर चालणे हा संविधानाच्या अनुच्छेद २१ खालील जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने तेव्हा ठरवले. जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार कमाल शिक्षेचा निम्मा काळ, आणि याआधी कधीही दोषी न ठरलेल्याने एकतृतीयांश काळ आत काढला, तर सुटकेची तरतूद आहे. फाशी वा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही. एकाहून अधिक खटले प्रलंबित असलेल्यालाही तिचा लाभ मिळत नाही. गरीब बंद्यांच्या जामिनासाठी केंद्राने २०२३ मध्ये ४०,००० रुपयांपर्यंत मदतीची योजना आणली.

खरी किंमत घर मोजते. कमावता माणूस आत गेला की मजुरी थांबते, वकिलाची फी आणि तुरुंगातल्या भेटीसाठी येण्याजाण्याचा खर्च सुरू होतो. सोबत न्यायला पोलीस पार्टी मिळाली नाही म्हणून कैदी तारखेला न्यायालयात पोहोचतच नाही, आणि पुढची तारीख पडते. आईबरोबर सहा वर्षांपर्यंतची मुले तुरुंगात राहू शकतात. ती मोठी होतात ती बराकीतच. पक्क्या कैद्याला शिक्षेत माफीचे दिवस मिळतात, फर्लो म्हणजे ठरावीक रजा मिळते. कच्च्याला यातले काही नाही, आपण कधी सुटणार याचा अंदाजही नाही. मतदानही करता येत नाही.

दोषी ठरल्यास आत काढलेले दिवस शिक्षेतून वजा होतात. निर्दोष सुटल्यास ते कशातूनच वजा होत नाहीत. चुकीच्या खटल्यांना बळी पडलेल्यांना भरपाई देणारा कायदा करावा, अशी शिफारस विधी आयोगाने २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात केली. ती कायद्यात उतरलेली नाही.