केमोनंतर हृदयात लपलेला बिघाड: ईएफच्या आकड्याचा घोळ कुठून आला

डॉक्सोरुबिसिन हे केमोचं औषध हृदयाला त्रास देतं हे 70 च्या दशकातच माहीत होतं. 1979 साली जुन्या केसपेपरवरून डोसप्रमाणे हार्ट फेल्युअरचा हिशोबही मांडला गेला, शरीराच्या दर चौरस मीटरला एकूण 400 मिलिग्रॅमला साधारण 3 टक्के, 550 ला 7, 700 ला 18, आणि '550 च्या पुढे जायचं नाही' हे डोक्यात पक्कं बसलं. पण त्यात मोजले कोण, तर धाप लागलेले, पाय सुजलेले पेशंट. ज्यांना काहीच होत नव्हतं ते आपोआप ठणठणीत धरले गेले. 2003 मध्ये दुसऱ्या एका फेरतपासणीत 550 ला आकडा 26 टक्क्यांवर गेला, म्हणजे आधीची मर्यादा किती भाबडी होती बघा.

लक्षणं नसलेल्यांकडे नजर वळली ती 1991 मध्ये. लहानपणी ल्युकेमियातून बऱ्या झालेल्या मुलांचे काही वर्षांनी इको (हृदयाची सोनोग्राफी) काढले तर निम्म्याहून जास्त जणांच्या हृदयात काही ना काही गडबड निघाली, तीही मुलं खेळत-पळत असताना. त्याआधी गळ्यातल्या शिरेतून हृदयाचा तुकडा काढून तपासायचे किंवा किरणोत्सारी औषध टोचून स्कॅन करायचे, पण वर्षानुवर्षं फॉलोअपला हे कोण करणार?

इको सोपा, म्हणून तोच रुळला, आणि खरं भांडण तिथून पुढचं आहे. ईएफ, म्हणजे एका ठोक्याला हृदयात भरलेल्यापैकी किती टक्के रक्त बाहेर गेलं तो आकडा, किती घसरला की बिघाड म्हणायचा? 2000 च्या आसपास ट्रास्टुझुमॅब या स्तनाच्या कॅन्सरवरच्या औषधाच्या ट्रायल्समधून एक व्याख्या आली: लक्षणं नसतील तर कमीत कमी 10 अंकांची घसरण आणि ईएफ 55 च्या खाली. 2014 मध्ये इकोवाल्यांनी ठरवलं, 10 पेक्षा जास्त घसरण आणि 53 च्या खाली. दोनच वर्षांत हृदयरोगवाल्यांच्या एका भूमिकापत्रात 53 चे 50 झाले. आता समजा एखाद्या बाईचा ईएफ केमोआधी 64 होता आणि नंतर 54 आला. पहिल्या व्याख्येने तिला बिघाड आहे, दुसरीने नाही, तिसरीनेही नाही. हृदय तेच, रिपोर्ट तोच. त्यात साध्या टूडी इकोमध्ये दोन वेळच्या मापातच दहाएक अंकांचा फरक पडू शकतो, म्हणजे जेवढी घसरण शोधायची तेवढीच मापाची चूक! अशा मापावर चालू औषध थांबवायचं की नाही हे ठरायचं, आणि माझ्या मते हा प्रकार गरजेपेक्षा फार जास्त वर्षं खपवून घेतला गेला.

त्यातून इकोवरच काढायचं स्ट्रेन हे दुसरं माप पुढे आलं. थोडे स्नायू थकले तरी बाकीचे भरून काढतात, त्यामुळे ईएफ उशिरा पडतो. स्ट्रेनमध्ये स्नायू लांबीत किती आखडतो तेच थेट बघतात. 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ईएफ 50 किंवा वर असला तरी स्ट्रेन आधीच्या तुलनेत 15 टक्क्यांहून जास्त घसरला किंवा ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात येणारं प्रथिन) नव्याने वाढला तर 'सौम्य' बिघाड धरतात, म्हणजे वरच्या बाईचा निकाल आता स्ट्रेनवर नाहीतर ट्रोपोनिनवर. अर्थात केमोआधीचा स्ट्रेन काढलेला असेल तरच, आणि वीस वर्षांपूर्वी बरे झालेल्यांकडे तो असणार कुठून?

लहानपणी कॅन्सर होऊन गेलेल्यांसाठी वेगळं वेळापत्रक आहे. 2015 च्या आंतरराष्ट्रीय शिफारशीत डॉक्सोरुबिसिनसारख्या औषधाचा दर चौरस मीटरला एकूण 250 मिलिग्रॅम किंवा जास्त डोस झालेल्यांना उपचार संपल्यापासून 2 वर्षांच्या आत पहिला इको, मग दर 5 वर्षांनी आयुष्यभर असं होतं. 2023 मध्ये जास्त धोक्याच्या गटाला दर 2 वर्षांनी आणि मधल्या गटाला दर 5 वर्षांनी असं झालं, 100 च्या खाली डोस आणि छातीला रेडिएशन नाही अशांना नेहमीच्या तपासणीतून वगळलंच. हे वगळणं बऱ्याच जणांना पटलेलं नाही, पण कमी धोक्याच्या माणसाचा इको पुन्हापुन्हा काढला तर मघाचीच मापाची चूक बिघाड म्हणून हाती लागायची शक्यता जास्त, हे त्यामागचं कारण मला तरी रास्त वाटतं.