खाऱ्या पाण्यावर तरंगणारं गोडं पाणी

अक्षय्य तृतीयेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी वावरात निघालेला माणूस मला हटकून विचारतो, "मास्तर, यंदा भेंडवळनं पानी कसं सांगतलं?" भेंडवळ बुलढाणा जिल्ह्यात. तिथे अक्षय्य तृतीयेला वावरात घागर, ढेकळं आणि धान्य मांडतात आणि रात्रीतून काय हललं ते बघून पावसाचं भाकीत सांगतात. या घटमांडणीकडे आमच्या अकोल्याच्या बाजूचेही कान लागलेले असतात. बियाणं घ्यायचे, कर्ज काढायचे दिवस तोंडावर आलेले असतात, म्हणून प्रश्न अगदी खरा असतो. पण घागर, ढेकळं आणि धान्याचे दाणे यांचा ढगांशी काहीही संबंध नाही. रात्रीतून दाणा जागचा हलतो तो वाऱ्यानं, किड्यामुंगीनं. मागच्या दहा वर्षांत किती भाकितं चुकली याचा हिशेब तिथे मांडला जात नाही, आणि ज्याचा हिशेब नाही त्याच्या भरवशावर पऱ्हाटी टोबायला मी कोणाला सांगणार नाही.

हाच प्रश्न प्रशांत महासागरातल्या किरिबाटी देशातली माणसंही विचारतात. (स्थानिक उच्चार 'किरिबास'.) ही प्रवाळाची बेटं बहुतेक ठिकाणी समुद्रापासून जेमतेम दोन-तीन मीटर उंच आहेत. तिथे नदी नाही, बहुतेक बेटांवर गोड्या पाण्याचा तलाव नाही, डोंगर नाही. २०२२ च्या जुलैत आपल्याकडे वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर जिल्ह्यांतली शेतं पाण्याखाली होती. त्याच्या महिनाभर आधी, जूनमध्ये, किरिबाटीनं दुष्काळामुळे आपत्ती जाहीर केली होती. ला निना म्हणजे प्रशांत महासागराच्या मधल्या आणि पूर्वेकडच्या भागातलं पाणी नेहमीपेक्षा थंड राहण्याचा काळ. २०२० मध्ये सुरू झालेली ला निना तेव्हा अजून ओसरली नव्हती. ला निना म्हटलं की आपल्याकडे पाऊस बरा होईल म्हणून हायसं वाटतं. पण त्या काळात पूर्वेकडून वाहणारे व्यापारी वारे जोर धरतात, समुद्राच्या वरच्या थरातलं तापलेलं पाणी इंडोनेशियाच्या दिशेनं रेटलं जातं आणि पावसाचे ढग त्या ऊबदार पाण्यामागे जातात. मधली बेटं कोरडी राहतात. विदर्भातल्या त्या एका महिन्याची अतिवृष्टी मात्र एकट्या ला निनाच्या नावावर टाकू नये. आपल्या पावसाला इतरही अनेक कारणं लागतात.

मग ही माणसं पितात काय? छपरावरून टाकीत उतरवलेलं पावसाचं पाणी, आणि जमिनीखालचं गोड्या पाण्याचं भिंग, म्हणजे मध्ये जाड आणि कडेला पातळ असा साठा. हे भिंग मला भूजलशास्त्रातली सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते, म्हणून जरा सावकाश सांगतो.

बेटाचा प्रवाळी खडक स्पंजासारखा सच्छिद्र असतो. आजूबाजूचं समुद्राचं पाणी त्यात खालून भरलेलंच असतं. वरून पाऊस मुरतो. गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. किती हलकं? एक घनमीटर गोडं पाणी साधारण १००० किलो भरतं, समुद्राचं १०२५ किलो. म्हणजे समुद्राच्या पाण्याचा ४० मीटर उंच खांब घेतला, तर तराजूत त्याच्या बरोबरीला गोड्या पाण्याचा ४१ मीटर उंच खांब लागतो. हा जादाचा एक मीटर समुद्रपातळीच्या वर राहतो आणि उरलेले ४० मीटर खाली बुडालेले असतात. हे गणित १८८० च्या दशकाअखेरीस गायबेन या डच अभियंत्यानं आणि १९०१ मध्ये हर्झबर्ग या जर्मन अभियंत्यानं वेगवेगळं मांडलं. प्रत्यक्षात भरती-ओहोटी दोन्ही पाणी घुसळत राहते, त्यामुळे खरं भिंग या हिशेबापेक्षा बरंच पातळ असतं आणि त्याचा तळ धूसर असतो.

आता हेच गणित उलटं वाचा. विहिरीतली पातळी दहा सेंटिमीटर उतरली, तर खालून खारं पाणी चार मीटर वर सरकायला बघतं. एका जागी जोराचा पंप लावला की त्या जागेखाली खाऱ्या पाण्याचा सुळका उठतो. म्हणून राजधानी दक्षिण टारावाला पाणी पुरवणाऱ्या बोनरिकी इथे खोल बोअर मारून उपसा करत नाहीत. उथळ आडव्या नळ्या पसरून भिंगाची वरची साय तेवढी काढतात. खोलवरचं खारेपण मोजायला निरीक्षणाची छिद्रं वेगळी ठेवली आहेत.

हवामान सेवा इथे कामी येते. भिंग आठवडाभराच्या उघडिपीनं आटत नाही, ते महिनोन् महिने झिजतं. समुद्राचं तापमानही असंच हळू बदलतं, म्हणून तर तीन महिन्यांचा अंदाज मुळात शक्य होतो. संकट सावकाश येतं आणि त्याची चाहूलही आधी लागते. पण 'पाऊस सरासरीपेक्षा कमी राहण्याची शक्यता ६० टक्के' एवढंच वाक्य हाती दिलं तर माणूस करणार काय? असा अंदाज दहा वेळा दिला तर चारदा तसं होणार नाही, हेही सांगावं लागतं. शिवाय टाकीवर जगणाऱ्या घराला पन्हाळी आजच साफ करा, वापर आजच आवरा असं सांगायचं, आणि पंप चालवणाऱ्याला पुढच्या काही महिन्यांचा उपसा ठरवून द्यायचा. अंदाज एकच, सल्ले दोन. किती अंदाज खरे ठरले याची नोंद ठेवणं हाही त्या सेवेचाच भाग. त्याच महासागरातल्या व्हानुआतू देशात तर पावसापाण्याच्या लोकांच्या जुन्या खुणाही नोंदवून घेतल्या जातात. मला हे फार पटतं. आपल्याकडे टिटवीच्या अंड्यांवरून पाऊस सांगतात, ती खूणसुद्धा पर्जन्यमापकाच्या आकड्याशेजारी ठेवून तपासली पाहिजे.

हे सगळं मला जवळचं वाटतं, कारण आमचं गाव खारपाणपट्ट्यात आहे. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या या पट्ट्यातलं खारेपण समुद्राचं नाही, ते पूर्णा नदीच्या गाळातल्या थरांचं आहे. पण पावसाळ्यानंतर नाल्याकाठच्या विहिरीचं पाणी काही दिवस बरं लागतं आणि उन्हाळ्यात पुन्हा तोंडात घेववत नाही, हे इथलं लहान पोरही सांगेल. हवामान खात्याच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेची शेतीसल्ल्याची पत्रिका दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा सल्ला दुबार पेरणीपासून वाचवतो. जिल्ह्याजिल्ह्यांत उभी राहिलेली कृषी हवामान केंद्रं २०२४ मध्ये बंद केली गेली, ती बंद व्हायला नको होती. अंदाज ढगांचा असतो, पण तो आपल्या वावराच्या भाषेत सांगायला जवळचा माणूस लागतो. आमच्या विहिरीचं पाणी किती दिवस गोडं राहील, शेततळ्यातलं संरक्षित पाणी हरभऱ्याला कधी द्यावं, हे त्या पत्रिकेत यायला हवं.

आरओच्या दुकानात असतो तसा टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र, आम्ही शाळेत घेतला आहे. मुलं दर पंधरा दिवसांनी चार विहिरींचं पाणी मोजतात आणि आकडा फळ्यावर पावसाच्या आकड्याशेजारी लिहितात.