पोकलेन वळवताना जमीन काय करते: ग्राहकांसाठी माहिती

‘ऑपरेटर वेळ काढतोय, एका वळणाला एवढं पुढे-मागे कशाला?’ पावसाळ्यात ही तक्रार हमखास येते. त्याचं उत्तर बहुतेक वेळा चेनखालच्या मातीत असतं.

पोकलेन म्हणजे चेनवर चालणारं खोदाईचं मशीन, त्याला डंपरसारखी वळणारी चाकं नाहीत. एक चेन पुढे आणि दुसरी हळू किंवा उलटी फिरवली की मशीन वळतं. त्या वेळी दोन्ही चेन जमिनीवर आडव्या घासतात, त्यामुळे सरळ जाण्यापेक्षा वळायला ताकद बरीच जास्त लागते.

दाबून बसवलेल्या मुरुमावर हे सहज होतं. माहीम, वडाळा, वांद्रे-कुर्ला भागात बऱ्याच ठिकाणी भरावाखाली खाडीचा काळा गाळ आहे, तिथे खरी गंमत. वरचा थर वाळून कडक दिसतो. २० टनी मशीन त्यावरून सरळ निघूनही जातं, कारण वजन पसरून दर चौरस सेंटिमीटरवर साधारण अर्धा किलोच येतं. पण तिथेच गर्रकन वळलं की शूच्या, म्हणजे चेनवरच्या लोखंडी पट्ट्यांच्या, कडा तो थर फाडतात, चेन गाळात बसते आणि बाजूला मातीचा बांध तयार होतो. पुढचं प्रत्येक वळण तो बांध ढकलत घ्यावं लागतं. स्प्रॉकेटमध्ये (चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकात) चिखल भरून चेन ताणली जाते ती वेगळीच, आणि अशात वळताना ती उतरू शकते. म्हणून आमचे ऑपरेटर मोठ्या घेराने, थोडं थोडं वळतात. रुतलेलं मशीन ओढायला दुसरं मागवण्यापेक्षा हा वेळ स्वस्त पडतो.

‘मग रुंद शू लावा’ असंही सुचवलं जातं. गाळात ते ठीक, कारण दाब कमी होतो. पण वळताना चेनच्या कड्या जोडणाऱ्या पिनांवर ताण वाढतो. काळ्या पाषाणावर तर मशीन मोजक्या टोकांवर टेकलेलं असतं, शू वाकतात, बोल्ट ढिले होतात. तिथे आम्ही अरुंद शूच देतो.

उतारावर आडवं उभं राहून वळू नये, मशीन खाली सरकतं. जुन्या डोझरला प्रत्येक चेनसाठी वेगळा क्लच असतो, आणि एरवी ज्या बाजूचा सोडवला त्या बाजूला तो वळतो. उतारावर त्याची तऱ्हा उलटीच: उतरताना ब्रेक न लावता डावा क्लच सोडवला, तर मोकळी चेन उताराने पुढे पळते आणि डोझर उजवीकडे जातो!

सोसायटीत पेव्हर ब्लॉक असतील तर आधी सांगा, लोखंडी प्लेटा टाकाव्या लागतील.

बुकिंग करताना जागेचे फोटो पाठवा. भराव किती जुना, भरतीचं पाणी येतं का, रॅम्पच्या पायथ्याशी वळायला किती जागा आहे, तेही कळवा. तेवढ्या जागेत मशीन येण्याआधीच दगड-मुरूम टाकून दाबून घेतलात तर उत्तम.