लो-फाय सायकेडेलिक पॉप

लो-फाय सायकेडेलिक पॉप : घरच्या घरी, साध्या टेपयंत्रावर, बहुतेकदा एकाच गीतकाराने सगळी वाद्ये स्वतः वाजवून मुद्रित केलेले पॉप संगीत. चाली १९६० च्या दशकातल्या ब्रिटिश-अमेरिकन पॉपच्या वळणाच्या, चटकन ओठांवर बसणाऱ्या. ध्वनी मात्र धुरकट, खरखरीत आणि ‘सायकेडेलिक’, म्हणजे भास झाल्यासारखा, स्वप्नवत. ‘लो-फाय’ हा हाय-फायच्या (मूळ आवाजाशी इमान राखणाऱ्या मुद्रणाच्या) उलट अर्थाचा शब्द. न्यू जर्सीतल्या डब्ल्यूएफएमयू या रेडिओ केंद्रावर १९८६ मध्ये याच नावाचा, घरगुती मुद्रणांना वाहिलेला कार्यक्रम सुरू झाला आणि दोष दाखवणारा हा शब्द शैलीचे नाव म्हणून रुळू लागला.

टिॲक कंपनीने १९७९ मध्ये आणलेल्या पोर्टास्टुडिओ या यंत्राने साध्या कॅसेटवर चार ट्रॅक (स्वतंत्र ध्वनिपट्ट्या) वेगवेगळे भरण्याची सोय केली. बीटल्सचा ‘सार्जंट पेपर्स’ हा १९६७ चा अल्बमही चार ट्रॅकच्या यंत्रांवरच झाला होता. पण तिथली टेप २५.४ मिमी रुंद होती आणि सेकंदाला ३८ सेंमी धावायची. कॅसेटची टेप ३.८१ मिमी, वेग साडेनऊ सेंमी. चिंचोळ्या पट्टीवर मूळ आवाज क्षीण उमटतो आणि टेपची सळसळ वर येते. त्यात ट्रॅक पुरेनासे झाले की तीन ट्रॅक मिसळून चौथ्यावर उतरवायचे आणि ते तीन पुसून पुन्हा वापरायचे. अशा प्रत्येक फेरीत झांजांची धार बोथट होते, गळा दूर गेल्यासारखा वाटतो.

सायकेडेलियाला नेमके हेच हवे होते. शिवाय नेहमीच्या कॅसेटच्या दोन बाजू उलटसुलट दिशांनी भरतात, पण पोर्टास्टुडिओ चारही ट्रॅक एकाच दिशेने भरतो. त्यामुळे कॅसेट उलटी घातली की सगळे गाणे मागून पुढे वाजू लागते. उलटी गिटार काढायला एवढे पुरे. वेगाचे बटण कमी करून गायचे आणि नेहमीच्या वेगाने वाजवायचे, की गळा बारीक आणि पोरकट होतो.

या पद्धतीचा आद्य पुरुष मानला जाणारा आर. स्टीव्ही मूर (जन्म १९५२) पोर्टास्टुडिओ येण्याआधीपासूनच रीळ-टेपयंत्रांवर हे करत होता. अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहराच्या स्टुडिओंमधल्या नामवंत बासवादकाचा हा मुलगा. ‘फोनोग्राफी’ (१९७६) या अल्बमनंतर त्याने कॅसेट-क्लब काढून टपालाने ऐकणाऱ्यांना थेट कॅसेटी पाठवल्या; त्याच्या अल्बमांची संख्या चारशेच्या पुढे आहे. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातल्या मार्टिन न्यूएलने ‘क्लीनर्स फ्रॉम व्हीनस’ या नावाने १९८० पासून हाच मार्ग धरला. ओहायोतल्या डेटनचा रॉबर्ट पोलार्ड शाळामास्तर होता. त्याच्या ‘गायडेड बाय व्हॉइसेस’ या बँडच्या ‘बी थाउजंड’ अल्बममध्ये (१९९४) सुमारे ३६ मिनिटांत २० गाणी आहेत. काही तर कडव्याला रंग चढतो न चढतो तोच संपतात. ‘एलिफंट सिक्स’ या अमेरिकन संगीतकारांच्या मित्रमंडळाने पुढे अशाच घरगुती टेपयंत्रांवर सुरावटींचे थर रचले.

इतकी विपुल निर्मिती का, याचे उत्तर रोकडे आहे : स्टुडिओत तासाचे भाडे असते, घरात नसते, आणि ‘हे नको’ म्हणणारा निर्मातासुद्धा नसतो. त्यामुळे पाखडण्याचे काम ऐकणाऱ्याच्या गळ्यात पडते. मूरच्या अल्बमांत सुरेख गाण्याशेजारी निव्वळ बडबड सापडते, आणि ती वगळून अल्बम ऐकले तर त्यांची गंमत निम्मी होते.