गिट्टीची तहान

हायवा डंपर रिकामा झाला की गुत्तेदार गिट्टीचे दोन खडे उचलतो, एकमेकांवर आपटतो आणि खणखणीत आवाज आला की मान हलवतो. परीक्षा वाईट नाही, पण ती ताकदीची आहे. घराच्या काँक्रीटमध्ये दगडाची ताकद सहसा कमी पडतच नाही. घट्ट काळा पाषाण 100 मेगापास्कलच्या (दाबाचं एकक) वर दाब सोसतो. एम-20 प्रतीच्या काँक्रीटकडून अपेक्षा असते 20 ची. असं काँक्रीट फुटतं तेव्हा भेग बहुतेक खड्याला वळसा घालून जाते.

रस्त्याची गोष्ट वेगळी, तिथे चाकं घासतात आणि आदळतातही. म्हणून प्रयोगशाळेत सुमारे 14 किलोचा हातोडा 38 सेंटिमीटरवरून 15 वेळा गिट्टीवर पाडतात आणि किती चुरा झाला ते पाहतात. घासणाऱ्या पृष्ठभागासाठी मर्यादा 30 टक्के, एरवी 45.

घर बांधणाऱ्याने मात्र आधी दगडाची तहान, म्हणजे तो किती पाणी शोषतो, ते पाहावं. मराठवाड्यातला बहुतेक दगड सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून थिजलेला. थराच्या पोटातला लाव्हा सावकाश निवला, तो घट्ट झाला. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून भोकं राहिली, पुढे कित्येक भोकांत पांढरी-हिरवट खनिजं भरली. संग्रहालयात ती देखणी दिसतात, स्लॅबमध्ये नकोत. एकाच खदानीतून दोन्ही दगड निघतात आणि क्रशरमध्ये एकत्रही होतात.

एका घनमीटर काँक्रीटला साधारण 1,100 किलो गिट्टी लागते. घट्ट दगड एक टक्का पाणी प्यायला तर ते झालं 11 लिटर. भोकाळ दगडाने तीन टक्के ओढलं तर 33. आणि मिश्रणात एकूण पाणी असतं 180-190 लिटर! मे महिन्यात तापलेली कोरडी गिट्टी मिक्सरमध्ये पडली की माल आवळतो, मग मिस्त्री अंदाजाने बादली ओततो. अंदाज बहुधा जास्तीचाच. उरलेलं पाणी सिमेंटात बारीक पोकळ्या ठेवून उडून जातं. ढिगावर आदल्या संध्याकाळी पाणी मारलं तर दगड थंडही होतो आणि त्याची तहानही भागते. फक्त खड्यांवरचं ओलं पाणी हिशेबातून वजा करावं लागतं.

घरीही अंदाज घेता येतो. उन्हात कडक वाळवलेली एक किलो गिट्टी 24 तास भिजवा, फडक्याने पुसा, पुन्हा तोला. दर 10 ग्रॅम वाढीमागे एक टक्का.

आकारही बघावाच. चपट्या खड्यांखाली पाणी साचतं, तिथे सिमेंट नीट धरत नाही. धूळ चिकटलेल्या खड्यांचंही तेच.

नांदेडच्या देगलूर भागात मात्र ग्रॅनाइट भेटतो. त्याचं विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या किती पट जड) 2.65 च्या आसपास, काळ्या दगडाचं 2.8 ते 2.9. गिट्टी ब्रासने, म्हणजे घनफुटाच्या मापाने, घेतली तर हा फरक जाणवत नाही. टनाने घेतली तर काळ्या दगडाचा ढीग थोडा लहान दिसतो.